कडेचा मळ

४ जानेवारी. सकाळी सात.
ठरलं. कादंबरी लिहायची. तीनशे पानं. मार्च संपायच्या आत हातावेगळी.
शिक्षण सातवी. त्यानं काही अडत नाही. एक्केचाळीस वर्षं छापखान्यात बाइंडिंगला काढली. हजारो कादंबऱ्या या हातांनी शिवल्या. आता रिटायर झाल्यावर लायब्ररीची फाटकी पुस्तकं घरी दुरुस्तीला येतात. म्हणून मला जे ठाऊक आहे ते एकाही लेखकाला ठाऊक नाही. पुस्तक मिटायचं, आडवं धरायचं, उघडायच्या बाजूची कड बघायची. वाचणाऱ्याचा हात जिथपर्यंत गेला तिथपर्यंत कड मळलेली. पुढे पांढरीफटक. भल्याभल्यांची पुस्तकं साठाव्या पानानंतर कोरी करकरीत. लेखक बिचारा हार घालून घेत फिरतोय आणि इकडे वाचणारा कधीच उठून गेलाय.
माझ्या पुस्तकाची कड शेवटच्या पानापर्यंत मळणार. संपला विषय.
रोज चार पानं.

५ जानेवारी
पानं: शून्य. दिवस कागद कापण्यात गेला. कागद वाकडा असला की वाक्य वाकडं येतं.

११ जानेवारी
पहिला फर्मा झाला. सोळा पानं. घडी घालून वजनाखाली ठेवली.
दुपारी हिला वाचून दाखवला. ही विणत बसली होती. नातीचा हिरवा स्वेटर. नायक कारखान्यात फोरमन, कारखान्यात चोरी होते, चोर कोण ते एकदम शेवटी. ही म्हणाली, फोरमन ठीक आहे, पण त्याची बायको मस्त बोलते हो. आता ती बायको म्हणजे फोरमनला कुणीतरी डबा द्यायला पाहिजे म्हणून घातलेली. हिचं लक्ष नको तिथे.

२४ जानेवारी
ही रोज दुपारी विचारते, आज ती काय म्हणाली. चोरीचं एका शब्दाने विचारत नाही. आजच्या पानात ती फोरमनला सांगते की तुम्ही कुलूप तीनदा ओढून बघता आणि किल्ली दारालाच ठेवून येता. ही एवढी हसली की स्वेटरचे टाके सुटले. असली वाक्यं मला कशी सुचतात कोण जाणे. आतूनच येतात.
(काल किल्ली दाराला राहिली होती. कामाच्या नादात होतं कधीकधी.)

३ फेब्रुवारी
चार फर्मे. चौसष्ट पानं. अडचण आहे.
ती बाई तोंड उघडते आणि नायक गप्प बसतो. कादंबरी त्याची आहे. त्याने तपास करायचा की तिचं ऐकत बसायचं? आज निकाल लावला. पासष्टाव्या पानावर तिला जिन्यावरून पाडली. अर्ध्या पानात कारभार आटोपला. रडारड नाही, लांबण नाही. आता नायक मोकळा. तपास, मशीनची माहिती पन्नास पानं, युनियनबद्दल माझी मतं वीस पानं. गाडी सुसाट.
हिला वाचून दाखवणं बंद. म्हटलं, आता पुस्तक झाल्यावर सलग वाच, तुकड्यातुकड्याने मजा जाते. ही म्हणाली, बरं. मग म्हणाली, पण तिचं सगळं ठीक आहे ना. म्हटलं, मजेत आहे.

२९ मार्च
पुरी झाली. एकोणीस फर्मे. पानं तीनशे चार. सांगितल्या तारखेच्या दोन दिवस आधी. लेखक लोक वर्षानुवर्षं काय करतात कळत नाही.
स्वतः शिवली. लाल कापडी पुठ्ठा. शेवटी कापड कापताना सुरी अंगठ्यात गेली. उजव्या. डॉक्टरने चॉकलेटी औषध दिलंय, दिवसातून दोनदा लावायचं. म्हणाला अंगठ्याला आराम द्या. बरं म्हटलं.
ही म्हणाली, एक झेरॉक्स काढून ठेवा. कसली थेरं. चांगली शिवलेली एक प्रत असली की पुरे. सूनबाई म्हणाली, बाबा, फोनवर फोटो तरी काढते पानांचे. म्हटलं, स्वयंपाकाचे काढतेस ते बास.

१ एप्रिल
लायब्ररीत पुस्तक दिलं. तिथे 'नवे लेखक' म्हणून रॅक केलाय, ज्याला हौस त्याने लिहून बांधून आणून द्यायचं. माझी प्रत ठेवल्यावर बाकीची पुस्तकं उघड्यावर पडल्यासारखी दिसायला लागली. एक तर नर्सबाईंचं. रिटायर्ड नर्स. सव्वाशे पानं, तीन स्टेपल मारलेत. पुस्तक म्हणवत नाही.
ग्रंथपाल बाईंनी दोन पानी फॉर्म दिला. पहिली ओळ वाचली, सही ठोकली. एवढं कोण वाचतं.
ही म्हणाली, आधी मला द्यायचं होतं घरी. म्हटलं, लेखकाच्या घरच्यांनी रांग मोडायची नसते.

८ एप्रिल
रोज अकरा वाजता जातो. पुस्तक उचलायचं, अंगठ्याने कड सर्रकन फुलवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अजून पांढरी. आठ दिवस म्हणजे काहीच नाही.

२० एप्रिल
कडेवर रंग दिसतोय. हलका, चॉकलेटी. खाली कोपऱ्यात.
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी अंगठ्याला औषध लावा. लावलं.

२ मे
रंग वाढला. शंभराच्या पुढे गेलाय. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, म्हणजे लोक तिथेच बसून वाचतायत. घरी न्यायलाही धीर नाही. डाग पाहता वाचणारा वर्कशॉपमधला असावा. मशीनची पन्नास पानं वाया गेली नाहीत.
अंगठा बरा होत नाही. डॉक्टर विचारतो, दिवसभर करता काय या अंगठ्याने. काही नाही, म्हटलं.

९ मे. दुपारी बारा.
ग्रंथपाल बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, काका, तीस जूनला रॅक रिकामा करायचाय. तीन वेळा इश्यू झालेलं पुस्तक राहणार. बाकी सगळं गोणीत, अकरा वाजता रद्दीचा ट्रक. मी म्हटलं, माझं मी परत नेईन. त्या म्हणाल्या, दिलेलं पुस्तक परत मिळत नाही, फॉर्मवर दुसऱ्या पानाच्या तळाला आहे, तुमची सही आहे. मी म्हटलं, तळाला कशाला लिहायचं, तिथपर्यंत कोण जातं.
त्यांनी फॉर्म काढून तळाची ओळ दाखवली.
एकच प्रत आहे. झेरॉक्सचं हिला सांगायला नको.
काळजीचं कारण नाही. बावन्न दिवसांत तीन माणसं. कड बघितली तर तिथे तीनशे येऊन गेलेत.

१६ मे
कड दोनशेपर्यंत चॉकलेटी. इश्यू: शून्य.

२२ मे
पोस्टमनला गाठलं. रिटायर झालाय, रोज लायब्ररीत पेपर वाचतो, जुना दोस्त. म्हणाला डोळे साथ देत नाहीत. म्हटलं, रोज चार पेपर वाचतोस तेव्हा कुणाचे डोळे असतात. नेलं एकदाचं. इश्यू: एक.

२३ मे
पोस्टमनने पुस्तक परत केलं. एका दिवसात तीनशे चार पानं. म्हणाला, फर्स्ट क्लास. विचारलं, काय आवडलं. म्हणाला, शेवट. विचारलं, शेवटाचं काय. म्हणाला, आता सगळ्यांसमोर कशाला सांगू, बाकीच्यांची मजा जाईल.
याला म्हणतात वाचक.

४ जून. सकाळी सव्वाअकरा.
रॅकवर पुस्तक नाही. बाईंचं टेबल गाठलं. बाई म्हणाल्या, काल इश्यू झालं. कोणी नेलं ते सांगत नाहीत. वाचकाचं नाव सांगायचं नसतं म्हणे. मी पुस्तकाचा बाप.
इश्यू: दोन. तिसरा राहिला.
घरी आलो तर ही बाल्कनीत काहीतरी वाचत बसलेली. वर पेपरचं कव्हर. मी कोणी नेलं असेल याची यादी करत होतो: डॉक्टर, वर्कशॉपवाला, बँकेतला कॅशियर. हिला यादी वाचून दाखवली. ही म्हणाली, हं.

५ जून
वाचक अजून वाचतोय. मला बसवत नाही. दोनदा लायब्ररीत जाऊन आलो. भाजीत मीठ नव्हतं. हिचं कुठे लक्ष असतं हल्ली.

६ जून
दुपारी ही एकदम उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबे पुसत बसली. स्वच्छ डबे. पेपरचं कव्हर घातलेलं ते पुस्तक खुर्चीत पालथं. मी उचलून बाजूला ठेवलं आणि बसलो. खुर्चीत वस्तू टाकून जायची हिची सवय काही जात नाही.

८ जून
पुस्तक रॅकवर परत. चार दिवसांत. आत पासष्टाव्या पानात खूण सापडली, हिरव्या लोकरीचा तुकडा. वाचकाला जी जागा सगळ्यात भिडते तिथे तो खूण ठेवतो. मला तेव्हाच वाटलं होतं की ते अर्धं पान जमून आलंय.
लोकर म्हणजे वाचक बाई असावी. कॅशियर खोडला.

१४ जून
बाईंनी दुरुस्तीला पुस्तक दिलं. नर्सबाईंचं. स्टेपल निघालेत, पानं सुटलीत, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के मावत नाहीत म्हणून दुसरी चिकटवलीय. बाई म्हणाल्या, काका, जपून, वीस जण वाट बघतायत. स्टेपल मारल्यावर दुसरं काय होणार.

१५ जून
नर्सबाईंच्या पुस्तकाची कड तपासली. शेवटपर्यंत काळी. खात्री करायला पहिलं पान वाचलं. नऊ नंबरच्या खाटेवरचा म्हातारा रोज नर्सला वेगळं नाव सांगतो. फाइलवर एक, तोंडी दुसरं. नर्स त्याला रोज नव्या नावाने गुड मॉर्निंग करते. एवढंच. चोरी नाही, तपास नाही, मशीन तर नाहीच.

१५ जून. दुपारी.
डागांचा प्रकार बघायला पुढे वाचावं लागलं. चहा गार झाला. आणून ठेवला तेव्हा ही काही बोलली असावी.

१५ जून. संध्याकाळी.
संपलं. म्हाताऱ्याचं खरं नाव शेवटपर्यंत सांगत नाही ती. कच्चं काम. मी असतो तर पहिल्या पानावर सांगून मोकळा झालो असतो.
त्याचं नाव काय असेल.

१९ जून
ही बोलत नाही. म्हणजे जेवा, उठा, फोन वाजतोय, एवढं बोलते. आज ती काय म्हणाली हे विचारणं कधी बंद झालं ते आठवून पाहिलं. कादंबरी संपली म्हणून असेल. गुडघाही दुखत असेल.
आज किल्ली पुन्हा दाराला राहिली. ही आली, काढली, खिळ्याला अडकवली. एक शब्द नाही. मी वाट बघत होतो.

२४ जून
सहा दिवस. एक इश्यू हवा. मी स्वतः नेलं तर? नाही. आपणच लिहायचं आणि आपणच रांगेत उभं राहायचं, मला नाही जमायचं. पोस्टमनला परत विचारलं. म्हणाला, एकदा वाचलेलं परत काय वाचायचं. म्हटलं, शेवटाकडे पुन्हा बघ. म्हणाला, नको, तोच लक्षात राहू दे.
कड आता तीनशे चारपर्यंत पूर्ण चॉकलेटी. कसा नियम केलाय यांनी. पुरावा समोर आहे आणि यांना शिक्का पाहिजे.

२८ जून
नर्सबाईंचं पुस्तक शिवून दिलं. नवा पुठ्ठा, पक्का दोरा, शंभर वर्षं निघणार नाही. काम ते काम.
सूनबाईला सांगितलं, उद्या लायब्ररीतून माझं पुस्तक घरच्या कार्डावर इश्यू करून आण. पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलं. ती म्हणाली, एवढंच ना बाबा, आणते की. सून गुणी आहे.

२९ जून. संध्याकाळी.
सूनबाई आली. हातात नर्सबाईंचं पुस्तक.
म्हणाली, आईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, दुरुस्त होऊन आलंय, यादीत पहिलं नाव माझं आहे, घेऊन ये. आणि एका कार्डावर एकच मिळतं बाबा. मी म्हटलं, माझं काय. ती म्हणाली, तुमचं तर आईंनी नेलं होतं की मागे, वाचून झालं असेल असं वाटलं.
मी म्हटलं, कधी. ती म्हणाली, जूनच्या सुरुवातीला. मीच पेपरचं कव्हर घालून दिलं.
बाकी काही लिहायचं नाही आज.

३० जून. सकाळी दहा.
ही बाल्कनीत नर्सबाईंचं वाचतेय. माझ्या शिवणीचं. उघडून मांडीवर सपाट राहतं, हात लावावा लागत नाही. समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ते जरा दे, बदलून आणतो, अर्ध्या तासाचं काम आहे. ही म्हणाली, तीसवं पान आहे, आत्ता नाही. म्हटलं, अकराला ट्रक येतो. ही म्हणाली, कुठला ट्रक. सगळं सांगितलं. फॉर्म, तीन इश्यू, गोण्या. झेरॉक्सचं हिने तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.
ही म्हणाली, तुम्ही म्हणाला होता मजेत आहे.
मी म्हटलं, कोण.
म्हणाली, ती. अर्ध्या पानात ढकललीत तिला. पुढे तिचा फोरमन दोन ओळी तरी गप्प बसेल म्हणून बघत होते. तर लगेच बॉयलरची माहिती. माझीच सगळी वाक्यं घेतलीत, मला वाटलं होतं शेवटपर्यंत ठेवाल.
मी म्हटलं, ती गोष्ट आहे गं. ही म्हणाली, हो ना, मग तिथे तरी. आणि पान उलटलं.
दहा पंचवीस. निघतो.

३० जून. दुपारी दोन.
ट्रक दारात होता. तीन गोण्या. मधल्या गोणीत लाल कणा दिसला. बाईंना म्हटलं, हे बघा, शिक्के दोनच असतील, पण कड बघा. तीनशे चारपर्यंत. कुणीतरी वाचल्याशिवाय असं होतं का. एक्केचाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा.
बाईंनी पुस्तक गोणीतून काढलं. मग माझा उजवा हात धरला आणि अंगठा कडेला लावला.
तोच चॉकलेटी.
ट्रकवालाही बघत होता. बाई म्हणाल्या, काका, रोज अकरा वाजता येऊन फुलवत होता, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मग टेबलाच्या खणातून साबणाची वडी काढून दिली आणि नळ दाखवला. परत आलो तर पुस्तकावर 'रद्द'चा शिक्का मारून ठेवलेलं. म्हणाल्या, रद्दी कोण नेतो ते नियमात लिहिलेलं नाही.

२ जुलै
पाचव्या फर्म्यापासून दोरा कापला. दोनशे चाळीस पानं सुटली. बॉयलर, युनियन, चोर, सगळं. वजन केलं नाही. चार फर्मे राहिले हातात. पातळ दिसतात. नर्सबाईंच्या निम्मे.
पासष्टावं पान परत लिहायला घेतलं. ती जिन्यावरून घसरते, पण कठडा धरते. आणि बोलते. काय बोलते ते सुचेना. तीन तास बसलो. आतून काही येत नाही.

४ जुलै
पान कोरं. मुद्दाम किल्ली दाराला ठेवून आलो. ही वाचत होती, दाराकडे गेलीच नाही. शेजारणीने आणून दिली.

७ जुलै
सुचलं. एक पान. ती कठडा धरून उभी राहते आणि फोरमनला म्हणते, बघत काय उभे राहिलात, आधी विचारा लागलं का. फोरमन विचारतो. बाकी काही होत नाही. पण बरं आहे.
चार फर्मे आणि हे एक पान, दोऱ्याने सैल बांधलं. हात साबणाने धुतले. हिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, ती वाचली. ही म्हणाली, ठेवा तिथे. माझी चाळीस पानं राहिलीत, म्हातारा आज खरं नाव सांगेल असं वाटतंय. मी तोंड उघडलं. ही म्हणाली, सांगाल तर बघा.
गप्प बसलो.

७ जुलै. संध्याकाळी सहा.
पानं तिथेच. हिने त्यावर चहाचा कप ठेवला होता. आता उचललाय. गोल डाग पडलाय, पहिल्या पानावर, बराच मोठा.
माझा नाही. तपासून बघितलं.